चालता चालता वजाबाकी

सत्तरी ओलांडल्यावरही नाशिकमधल्या कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवरच्या माझ्या सकाळच्या फेऱ्या चुकत नव्हत्या, तरीसुद्धा अधूनमधून तोल जाऊ लागला होता. तो जातो तेव्हा मी हमखास कोणाशी तरी बोलत असतो किंवा सुटे पैसे मोजत असतो, हे मुलीच्या ध्यानात आले आणि तिने मला कॉलेज रोडवर एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे नेले.

बाईंनी आधी साधी चाचणी घेतली : खुर्चीतून उठायचे, ३ मीटर चालायचे, वळून परत येऊन बसायचे. याला १२ सेकंद किंवा त्याहून अधिक लागले, तर पडण्याचा धोका मानतात. माझी वेळ त्याच्या आत होती. मग त्यांनी तेच चालणे १०० मधून तीन-तीन वजा करत करायला सांगितले. सत्त्याण्णव, चौऱ्याण्णव इथपर्यंत ठीक चालले. एक्क्याण्णव म्हणताना माझे पाय जागच्या जागी थांबले. बोलताना चालणे थांबवणारे वृद्ध नंतरच्या काळात पडण्याची शक्यता अधिक असते, असे स्वीडनमधील संशोधकांनी १९९७ मध्येच मांडले आहे. वयानुसार नजर, तळपायांची जाणीव आणि कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा मंदावते, ती उणीव मेंदू जास्तीचे लक्ष देऊन भरून काढतो, आणि तेच लक्ष हिशेबात गुंतले की पावलांच्या वाट्याला पुरेसे उरत नाही.

सुरुवातीला केवळ शरीराचे व्यायाम होते : ओट्याला धरून टाचा उचलणे, हात न टेकता खुर्चीतून उठणे, एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून उभे राहणे. कंटाळवाणेच, पण त्यांना पर्याय नाही. पायांत बळ नसताना नुसती कोडी सोडवून तोल सुधारत नाही.

डोक्याचे काम नंतर जोडले. मी मोठ्या उत्साहाने पावकी-निमकी म्हणत चालू लागलो, तर बाईंनी ती बाद केली, कारण लहानपणी घोकलेले तोंडातून आपोआप येते आणि डोक्याला काहीच करावे लागत नाही. त्याऐवजी इगतपुरीकडून स्टेशने म्हणायला लावली : घोटी, पाडळी, अस्वली, लहवीत, देवळाली, नाशिकरोड; तीही पाठ होताच एक सोडून एक. घरी नातू फरशीच्या चौकोनांवर खडूने आकडे लिहितो आणि ऐन वेळी ओरडून सांगतो त्या आकड्यावर मला पाऊल टाकावे लागते. अशा वेळी मुलगी हाताच्या अंतरावर उभी असते. बाईंची ही अट मला आधी अपमानास्पद वाटली होती.

रात्रीची झोपेची गोळीही त्यांनी डॉक्टरांना दाखवायला सांगितली, कारण तिच्या गुंगीनेही तोल जातो. डॉक्टरांनी ती हळूहळू कमी केली. आता वजाबाकी करताना माझी चाल मंदावते, पण थांबत नाही. मात्र भाजीबाजारात फोन वाजला, तर अजूनही कडेला उभा राहूनच घेतो.