टॅग कुठल्या मशीनवर लावला होता?

बेळगावात उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत कोटेशन आणि डिस्पॅच माझ्याकडं असतं. गिऱ्हाइकांचे मेल इंग्रजीत नि मराठीत, ट्रान्सपोर्टवाल्यांचे कन्नडात. नुसतं सर्च करून भागत नाही, मेलला टॅग, म्हणजे खुणेच्या चिठ्ठ्या, लावाव्याच लागतात: 'दर-द्यायचा', 'ड्रॉइंग-आलं', 'थांबलंय'.

मेल बघायची मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, तीन. एक कारखान्यात, एक टिळकवाडीत घरी, आणि गावी न्यायचा लॅपटॉप. गाव जांबोटीच्या पलीकडं. पावसाळ्यात तिथं लाईटचाच भरवसा नाही, तर नेटचं काय घेऊन बसलात!

थंडरबर्ड या मेल प्रोग्रामचे टॅग आयमॅप सर्व्हरवर (जिथं मेल साठतात) कीवर्ड म्हणून जातात, सर्व्हर नवे कीवर्ड घेत असेल तर. पण आपण बनवलेल्या टॅगचं नाव नि रंग त्या मशीनवरच्या थंडरबर्डच्या सेटिंगांत, म्हणजे प्रोफाइलमध्येच राहतात. दुसरीकडं पुन्हा बनवा. मी म्हणून नॉटमच (notmuch) हा मेल शोधायचा नि टॅग लावायचा प्रोग्राम वापरतो. त्यात टॅग मेलच्या फाइलला चिकटत नाहीत, वेगळ्या झेपियन डेटाबेसमध्ये बसतात. 'तो डेटाबेसच फोल्डर-सिंकला टाक की' असा सल्ला हमखास मिळतो. ऐकू नका. लिहिणं चालू असताना फाइल अर्धवट उचलली गेली तर डेटाबेस बिघडतो, आणि दोन्हीकडं बदल झाले असतील तर एकीकडचे जातातच.

त्यापेक्षा डेव्हिड माझिएर यांचा मचसिंक हा प्रोग्राम बरा. तो एसएसएचवरून (दोन मशीनमधली सुरक्षित जोडणी) मेल आणि टॅगांमधले फक्त बदल नेतो-आणतो. सर्व्हरवरून मेल उतरवायचं काम मी एकट्या घरच्या मशीनला दिलंय. बाकीची दोन त्याच्याकडून घेतात.

खरी मजा दोन्हीकडं एकाच मेलचे टॅग बदलले की येते. समजा कारखान्यात दर पाठवून मी 'दर-द्यायचा' काढला. सिंक व्हायच्या आधी गावी लॅपटॉपवर त्याच मेलला 'ड्रॉइंग-आलं' लावलं. मचसिंक अशा वेळी दोन्हीकडच्या टॅगांची बेरीज करतो, म्हणजे काढलेला 'दर-द्यायचा' परत हजर. मग ऑफिसातला पोरगा विचारतो, "ओ मामा, ह्याचा दर देऊन झालाय न्हवं?"

यावर सोय आहे: and_tags नावाच्या सेटिंगमध्ये लिहिलेला टॅग दोन्हीकडं असेल तरच टिकतो. तिथं काही लिहिलं नाही तर नव्या मेलला आपोआप लागणारे टॅग, माझ्याकडं 'unread', हाच नियम पाळतात. ते बरोबरच आहे, एकदा वाचलं म्हणजे वाचलं. 'दर-द्यायचा' मात्र मी त्यात मुद्दाम घातलेला नाही. तसं केलं तर एकीकडं नव्यानं लावलेला टॅग टकरीत गुपचूप उडायचा. झालेलं काम यादीत पुन्हा दिसलं तर एक क्लिक जास्त. राहिलेलं काम यादीतून गेलं तर ऑर्डर कोल्हापूरच्या फौंड्रीला जाते.

आठवड्याला notmuch dump या कमांडनं टॅगांची प्रत काढून पेन ड्राइव्हवर ठेवतो. साधी टेक्स्ट फाइल, त्यात मुख्यतः मेसेज-आयडी (प्रत्येक मेलची ओळख) आणि टॅग.

फोनवर यातलं काही नाही. तिथं फक्त तारा मारायचा. तो मेलडिरच्या (एकेक मेल वेगळ्या फाइलीत ठेवायची पद्धत) F फ्लॅगमधून, म्हणजे फाइलच्या नावातल्या खुणेतून, नॉटमचमध्ये 'flagged' म्हणून उतरतो, पुढचं घरी बसून.