समाजशास्त्र की वैद्यकशास्त्र? एथिक्स कमिटीत अडकलेली माझी फाईल

माझ्या पीएचडीचा विषय आहे लातूर जिल्ह्यातल्या औसा आणि निलंगा तालुक्यांतल्या साठीच्या आसपासच्या बायका. १९७२च्या दुष्काळात त्या लहान पोरी होत्या, सुकडीवर दिवस काढलेल्या. पुढे लग्न, बाळंतपणं, १९९३चा किल्लारीचा भूकंप. बालपणीची ती उपासमार आज रक्तदाबात, साखरेत, मुठीच्या ताकदीत दिसते का, हे मला बघायचंय. म्हणजे अर्धं काम मुलाखतींचं, अर्धं तपासणीचं.

विषय मंजूर झाला, कोर्सवर्क झालं. घोडं अडलं ते एथिक्स कमिटीपाशी, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला नैतिक परवानगी देणाऱ्या समितीपाशी.

विद्यापीठाची समिती म्हणाली, बोटाला सुई टोचून रक्त घेणार ना, मग वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीकडे जा. तिथल्या खिडकीवर फाईल चाळून सांगितलं, ही तर प्रश्नावली, हे आमच्याकडे येत नाही. लेखी मात्र कुणीच देईना. बैठक दोन-तीन महिन्यांतून एकदा. हुकली की बसा वाट बघत. फॉर्मात ‘रुग्णाचे निदान’ आणि ‘औषधाचे नाव व मात्रा’ हे रकाने सक्तीचे. माझ्याकडे ना रुग्ण, ना औषध. ‘लागू नाही’ लिहिलं तर अपूर्ण म्हणून परत. वर प्रत्येकीच्या जन्मतारखेचा पुरावा जोडा म्हणे! अहो, आमच्याकडे त्या पिढीत शाळेत गेली तिची तारीख १ जून, न गेली तिची १ जानेवारी. म्हणून तर आयुष्याचा तक्ता घटनांवरून भरायचा: मावशी, दुष्काळात आईबरोबर खडी फोडायला जायचात का? किल्लारी हादरली तेव्हा कडेवर कितवं लेकरू होतं? हीच तर या अभ्यासाची पद्धत. ते सांगताना माझा आवाज चढला, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

सुटका झाली ती आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांमुळे. आरोग्याशी निगडित सामाजिक संशोधनावर त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. समितीत डॉक्टरांबरोबर समाजशास्त्राचा जाणकार, कायदेतज्ज्ञ आणि सामान्य नागरिकही असायला हवेत, हेही त्यातच आहे. ती पानं छापून, ओळी रंगवून अर्जाला जोडली. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९३पासून जवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. वजनाने कमी, पण त्या मानाने चरबी टिकवून असलेली बाळं त्यातूनच पुढे आली. सुरुवातीच्या पोषणाचा शरीरावरचा ठसा तिथेही शोधला होता, म्हणून त्याचं टिपणही जोडलं. कम्युनिटी मेडिसिनच्या एक मॅडम सह-मार्गदर्शक झाल्या, त्यांची सही पडली आणि अर्ज पुढच्याच बैठकीत घेतला गेला. खरं सांगते, त्या दिवशी पायऱ्या उतरताना रडू आलं.

तुम्ही एथिक्स कमिटीकडे जाणार असाल तर अर्ज थेट तिच्या सदस्य सचिवांच्या नावे द्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. तपासणीचं काही असेल तर वैद्यकीय विभागातला सह-मार्गदर्शक आधी शोधा, विषय लिहायच्याही आधी. आणि हो, संमतीपत्रावर जिथे अंगठा येणार तिथे लिहितावाचता येणारा तटस्थ साक्षीदार लागतो. आपल्याच टीमचा माणूस चालत नाही. गावात आशाताईंना विचारा, त्या बरोबर माणूस गाठून देतात.