तिसरा पावसाळा: कवड, सुंभ आणि 'कसंतरीच होतंय'

मेचा शेवटचा गुरुवार

पावसाळ्यात दर गुरुवारी आमच्या पडवीत मी तत्त्वज्ञानाचा वर्ग घेतो. यंदा नावांपासून सुरुवात करायची नाही, एवढं एकच ठरवलं होतं. पहिल्या वर्षी मी किर्केगार्डच्या जन्मापासून निघालो, १८१३, कोपनहेगन वगैरे. सार्त्रपर्यंत पोचेतो पडवीत मी, गुरुजी आणि आमचं कुत्रं एवढेच उरलो होतो. दुसऱ्या वर्षी व्याख्यांपासून निघालो. 'फिनॉमिनॉलॉजी म्हणजे काय' याची पाठपोट झेरॉक्स वाटली. दुकान माझंच, म्हणून कागदाचं काही वाटलं नाही, पण माणसं दुसऱ्याच गुरुवारी गळली. फिनॉमिनॉलॉजीला मराठीत जे प्रतिशब्द सापडतात ते ऐकून तर माणूस चप्पल शोधायला लागतो. मी आता 'अनुभवाचं वर्णन' म्हणतो आणि पुढे जातो.

यंदा सातजण आहेत. गुरुजी (निवृत्त, संस्कृतचे), शेजारच्या काकी, एसटीतला एक कंडक्टर, नर्सिंगला असलेली एक मुलगी, आंब्याच्या बागेत काम करणारे दादा, ट्रॉलरवर जाणारा एक खलाशी पोरगा आणि मी. जून-जुलैत मासेमारी बंद, म्हणून खलाशी मिळाला. कुडाळात एरवी असा श्रोता मिळायचा नाही.

पहिल्या दिवशी स्टुलावर नारळ ठेवला. सोललेला, शेंडी काढलेला, तीन डोळे लोकांकडे. अट एकच. कुठल्या माडाचा, केवढ्याला पडला, हे बोलायचं नाही. कसा दिसतो तेवढंच सांगायचं. पाच मिनिटं 'तपकिरी', 'खरखरीत', 'गोल' असं चाललं. मग मी विचारलं, मागची बाजू दिसतेय का? नाही. मग अर्धा नारळ दिसतोय का? तेही नाही, सगळ्यांना अख्खा नारळच दिसत होता. मी तो फिरवला. ती कवड होती, मागून पोकळ.

काकी म्हणाल्या, "अगो बाय! रोज दोन नारळ फोडते मी, आणि मलाच फसवलंत?"

त्या 'अगो बाय'मध्ये हुसर्ल आहे, फिनॉमिनॉलॉजी सुरू करणारा जर्मन तत्त्वज्ञ. डोळ्यांसमोर वस्तूची एकच बाजू असते, उरलेल्या बाजू अपेक्षेच्या रूपाने तिच्यासोबत हजर असतात, आणि अपेक्षा मोडली की त्या तिथे होत्या हे कळतं. गुरुजी लगेच म्हणाले, "दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. हे सांगायला जर्मनी कशाला?" पण हुसर्लचा मुद्दा तो नव्हे. म्हणीला घाई असते, ती 'नसतं'कडे धावते. हुसर्ल 'दिसतं'पाशीच थांबायला सांगतो. आहे की नाही हा निवाडा तात्पुरता कंसात टाका, आधी दिसणं कसं घडतं ते बघा. माणूस मूळचा गणिताचा, म्हणून कंस. १९१३ च्या त्याच्या ग्रंथात हे सगळं फार कोरडं आहे. नवख्याच्या हातात तो देऊ नका, कवड द्या.

त्याच संध्याकाळी एक गोष्ट आयती मिळाली. दादा झेल्याने, म्हणजे टोकाला जाळी बांधलेल्या बांबूने, आंबे काढण्याबद्दल सांगत होते. देठ थोडा ठेवून काढावा लागतो, नाहीतर चीक सांडून फळावर डाग पडतो. पानांच्या आड फळ दिसत नसलं तर? "दिसूक कित्याक होया? देठ हाताक लागता," ते म्हणाले. हाताला! देठापासून हात बारा-पंधरा फूट लांब, मधे बांबू. मेर्लो-पाँती या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९४५ मध्ये आंधळ्याच्या काठीबद्दल हेच लिहिलंय. सवय झाली की काठी ही वस्तू उरत नाही, स्पर्श तिच्या टोकाला जाऊन बसतो. मी त्याचं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर दादा गप्प झाले असते.

जूनचा तिसरा आठवडा

स्टेशनचा प्रयोग फसला. लिहून ठेवतो, म्हणजे दुसऱ्या कुणी करू नये.

हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञाने १९२९-३० च्या हिवाळ्यात फ्रायबुर्गला दिलेल्या व्याख्यानांत कंटाळ्याचे तीन प्रकार सांगितलेत. पहिल्याचा दाखला असा: आडगावातलं स्टेशन, पुढच्या गाडीला चार तास. माणूस वेळापत्रक वाचतो, रस्त्यावर फेऱ्या मारतो, झाडं मोजतो, घड्याळ बघतो तर जेमतेम पाच मिनिटं गेलेली. जर्मनमध्ये कंटाळ्याला जो शब्द आहे त्याचा सरळ अर्थ 'लांबलेला वेळ'. आपणही 'वेळ खायला उठते' म्हणतोच. नर्सिंगवालीच्या भावाला मुंबईला जायचं होतं, म्हणून आम्ही त्याला सोडायला मुद्दाम दोन तास आधी कुडाळ स्टेशनात गेलो. सगळ्यांचे मोबाइल माझ्या पिशवीत.

दहा मिनिटांत कंडक्टरला त्याच्या रूटवरचा पॅसेंजर भेटला. काकींना माहेरची बाई भेटली. बाकावरच्या एका म्हाताऱ्याने खलाश्याला "कोणाचो रे तू?" विचारलं आणि तिथून आजोळपर्यंतचं नातं निघालं. दोन तास कसे गेले कळलं नाही. कंटाळायला आधी अनोळखी असावं लागतं आणि ती सोय आमच्या स्टेशनात नाही.

पण पुढच्या गुरुवारी काकींनी आपण होऊन जे सांगितलं ते थेट दुसऱ्या प्रकारातलं होतं. एका घरी वास्तुशांतीला गेल्या होत्या. जेवण छान, गप्पा छान, साडी सगळ्यांनी वाखाणली. घरी येऊन पाय धुताना एकदम वाटलं की आपण दिवसभर कंटाळलो होतो. कशाने, ते सांगता येईना. हायडेगरचा दाखला एका संध्याकाळच्या मेजवानीचा आहे. सगळं उत्तम, आणि घरी आल्यावर ध्यानात येतं की मी तिथे कंटाळलेलाच होतो. काकींना मी ते पान वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "त्यालाही बोलवत असतील तर सगळीकडे."

तिसरा प्रकार, जिथे कशातच काही अर्थ वाटेनासा होतो, तो मी यंदा सोडला. तो शिकवायचा नसतो असं माझं मत आहे.

मुलीने मध्येच विचारलं, हा तोच ना, नाझी? तोच. १९३३ मध्ये विद्यापीठाचा रेक्टर झाला आणि त्याच वर्षी पक्षात गेला. त्याच्या गुरूला, हुसर्लला, ज्यू जन्मामुळे त्याच काळात विद्यापीठाची दारं बंद होत होती. हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावं. मागच्या वर्षी शेवटी सांगितलं तर लोकांना फसवल्यासारखं वाटलं, आणि बरोबरच होतं त्यांचं.

जुलै, मुसळधार

या महिन्यात मी काही शिकवलं नाही, कंडक्टरने शिकवलं.

शेवटची फेरी टाकून तो पाणंदीने घरी येत होता. बॅटरी मिणमिणती. पायाशी वेटोळं दिसलं आणि तो मागे उडाला, कारण या दिवसांत फुरसं हटकून असतं. नीट उजेड टाकला तर काथ्याचा सुंभ. पुढचं त्याचं वाक्य मी वहीत जसंच्या तसं उतरवलं: "सुंभ आहे हे कळलं, तरी घरी पोचेपर्यंत छाती धडधडत होती."

रज्जुसर्पाचा, म्हणजे अंधारात दोरी साप वाटण्याचा, दृष्टांत गुरुजींना पाठ. पण वेदान्तात तो भ्रमासाठी येतो. आम्ही तो भीतीसाठी वापरायला घेतला आणि तीन गुरुवार त्यातच गेले.

विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये 'माइंड' या नियतकालिकात उलटा क्रम मांडला. अस्वल दिसतं, अंग थरथरतं, आपण पळतो, आणि त्या अंगातल्या बदलांची जाणीव म्हणजेच भीती. घाबरतो म्हणून पळतो असं नाही, पळतो म्हणून घाबरतो. कंडक्टर खूश, कारण पाय आधी उडाले होते, भीती नंतर आली. पण मग सुंभ ओळखल्यावरही धडधड चालू होती तर भीतीही चालू होती म्हणायची का? तो म्हणाला, छे, तेव्हा तर मला हसू येत होतं.

इथे नर्सिंगवालीने वॉर्डातली गोष्ट काढली. दम्याच्या पेशंटला नेब्युलायझर दिला की काहींचे हात थरथरतात, नाडी पळते. विचारलं तर म्हणतात, भीती नाही वाटत, नुसतं धडधडतंय. मारान्योन नावाच्या स्पॅनिश डॉक्टरने १९२४ मध्ये ॲड्रेनलिन टोचून हेच पाहिलं होतं. बरेच लोक म्हणाले, 'जणू घाबरल्यासारखं' होतंय. त्या 'जणू'मध्ये जेम्सची अडचण आहे. अंग सगळं तेच, तरी भीती नाही.

दुसऱ्या टोकाला रॉबर्ट सॉलोमन, अमेरिकन तत्त्वज्ञ. त्याने १९७६ मध्ये मांडलं की भावना म्हणजे निवाडा. रागावणं म्हणजे 'माझ्यावर अन्याय झालाय' असं ठरवणं. इथे मराठी मदतीला येते. 'मला वाटतं तो येणार नाही' आणि 'मला भीती वाटते', दोन्हीकडे क्रियापद एकच. मत वाटतं आणि भीतीही वाटते. हे सांगितल्यावर पडवीत जी शांतता पसरली ती तीन वर्षांत पहिल्यांदा. पण मीच मग जरा घाबरलो, कारण व्याकरणातून तत्त्वज्ञान काढणं फार सोपं असतं. लाज वाटते, पण राग येतो, रडू फुटतं, माया लागते आणि प्रेम बसतं. क्रियापदांवर गेलं तर पाच सिद्धान्त होतील.

सॉलोमनलाही सुंभ आडवा येतोच. निवाडा तर क्षणात बदलला, मग मागे राहिलं ते काय? गुरुजी जांभई देत म्हणाले, "सुंभ जळतो, पीळ जळत नाही." म्हण ताठ्याबद्दलची आहे, पण इतकी चपखल बसली की तीच आता आमच्याकडे त्या प्रश्नाचं नाव झालीय. 'पिळाचा प्रश्न'. कंडक्टरचं मत जेम्सकडे परत झुकलंय, मुलीचं सॉलोमनकडे. माझं मत असं की भीती ही उरलेली धडधड नव्हे आणि कोरडा निवाडाही नव्हे. पाणंदच त्या क्षणी फुरशांची झाली होती, ती पुन्हा नुसती पाणंद झाली तेव्हा भीती संपली. हे मी सार्त्रकडून उसनं घेतलंय, कबूल.

सार्त्रचं १९३९ मधलं भावनांवरचं छोटं पुस्तक नवख्यांना पहिलं द्यावं असं माझं ठाम मत आहे. त्यातला एक दाखला आपल्या पाठ्यपुस्तकातलाच वाटतो. द्राक्षांपर्यंत हात पोचत नाही, मग ती 'कच्ची' होतात. जग बदलता येत नाही तेव्हा भावना जादूने त्याचा रंग बदलते. हे समजायला रुसव्याइतकं चांगलं उदाहरण नाही. रुसणाऱ्याला काही करता येत नसतं, म्हणून तो सगळं घर 'माझी किंमत नसलेलं घर' करून टाकतो. आणि रुसायला कुणीतरी बघणारं लागतं. खलाशी म्हणाला, बोटीवर कुणी रुसत नाही, जेवण संपून जातं.

जुलैचा शेवट, गुरुजींचा आक्षेप

"हे आपल्याकडे भरताने नाट्यशास्त्रात केलंय. आठ स्थायीभाव, तेहतीस व्यभिचारी भाव." दरवर्षी हा आक्षेप येतो आणि दरवर्षी मी नम्रपणे मान हलवायचो. यंदा यादी उघडली. 'भय' स्थायीभावांत आहे, भयानक रसाचा पाया. 'चिंता' तेहतिसांत, येऊन जाणारी. हायडेगरने १९२७ मध्ये नेमकी उलटी उतरंड लावली. भीती कशाची तरी असते, सापाची, साहेबाची. तिच्याखाली एक अस्वस्थता असते जी कशाचीच नसते, आणि तिच्यात जगाशी असलेला आपला धागाच उघडा पडतो. ती ओसरल्यावर माणूस म्हणतो, 'काही नव्हतं खरं तर'. आपण काय म्हणतो? "काय झालं गं?" "काही नाही, असंच. कसंतरीच होतंय."

गुरुजी बराच वेळ यादी बघत बसले. मग म्हणाले, भरताला प्रेक्षकापर्यंत पोचायचं होतं, याला कुणापर्यंत पोचायचंय? चांगला प्रश्न आहे. दशावतारात राक्षस येतो तेव्हा पोरं घाबरतात आणि घाबरायला परत येतात. ती भीती हायडेगरच्या वहीत कुठेच बसत नाही. सारखेपणा दाखवून दोघांना एकाच पाटावर बसवण्यापेक्षा हा फरक ठेवलेला बरा.

ऑगस्ट

सार्त्रचं २९ ऑक्टोबर १९४५ चं पॅरिसमधलं भाषण वाचलं. त्यात तो एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. भाऊ लढाईत मेलेला, आई त्याच्याच आधारावर, आणि त्याला इंग्लंडला जाऊन फ्रेंच सैन्यात सामील व्हायचंय. सार्त्रचा सल्ला: तू मोकळा आहेस, निवड. पडवीत एकदम आवाज चढले, कारण प्रत्येक घरात एक चाकरमानी आणि एक मागे राहिलेली आई आहे. दादा म्हणाले, हा काय सल्ला झाला? काकी वेगळंच म्हणाल्या. त्या म्हणाल्या, त्या आईला कुणी विचारलं का? तेव्हा मी सिमोन द बोव्हार या फ्रेंच लेखिकेचं बाईपणावरचं १९४९ चं पुस्तक आणायला आत गेलो. निवडायची मोकळीक सगळ्यांना सारखी पुढ्यात येत नाही हे तिने सार्त्रपेक्षा नीट पाहिलं होतं. पुढच्या वर्षी तिच्यापासूनच निघावं की काय, असा विचार चाललाय.

नारळी पौर्णिमेनंतर खलाशी गेला. चौदा दिवसांनी परत आला तो सरळ दुकानात, बर्फाचा नि मासळीचा वास घेऊन. रात्री इंजीन बंद होतं, जाळं पाण्यात, बाकीचे झोपलेले. "भय वाटूक नाय. पण कसासाच झाला." मग त्याने गंभीरपणे विचारलं, ही हायडेगरची अस्वस्थता की नुसती बोट लागली?

सार्त्रच्या पहिल्या कादंबरीचं नावच 'मळमळ' आहे, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. गुरुवारी सांगीन.