तुम्ही विचारलंत म्हणून : संगीतात उमेद टिकवायची तरी कशी?

हा प्रश्न सारखा येतो, फक्त शब्द बदलतात. "रियाजाला बसवतच नाही." "चार वर्षं झाली, काही पुढे सरकत नाही." "बरोबरीचे सगळे पुढे गेले." विचारणारा गाणारा असो, वाजवणारा असो की स्वतःच्या चाली बांधणारा असो, त्याला विचारायचं असतं ते एवढंच: संगीतातच पोट भरायचं ठरवलंय, तर इतकी वर्षं मन लावून राहायचं कसं?

माझं मत असं की उमेदीच्या मागे लागण्याआधी अडलंय कुठे ते शोधावं. मन लागत नाही म्हणणाऱ्याशी जरा सविस्तर बोललं की बहुतेक वेळा चारांपैकी एक गोष्ट पुढे येते. रियाज होतोय पण प्रगती दिसत नाही. काम पाठवलंय पण कुणी उत्तर देत नाही. पैशाची ओढाताण आहे. किंवा शरीर थकलंय, कुठेतरी दुखतंय. चारही ठिकाणी वरून दिसतो तो कंटाळाच, उपाय मात्र प्रत्येकाचा वेगळा. खांदा दुखणाऱ्याला चिकाटी शिकवली तर तो आणखी दोन तास वाजवतो आणि दुखणं वाढवून घेतो.

सगळ्यात जास्त वेळा सापडतं ते पहिलंच. तास-दीड तास रियाज होतो, पण त्यात येणारी गोष्टच पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा वाजवली जाते. अवघड जागा आली की हात अडखळतो, तिथल्या तिथे एकदा सावरून घ्यायचं आणि पुढे निघायचं. दुसऱ्या दिवशी तीच जागा, तसंच अडखळणं. असं दहा वेळा झालं की अडखळून सावरणं हेच हाताला पाठ होतं. महिनाभराने माणूस म्हणतो, मला जमणार नाही. त्याच्या मेहनतीत काही कमी नसतं, आणि म्हणूनच ते ऐकून वाईट वाटतं.

टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांचा 2009 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे फार उपयोगाचा आहे. पियानोच्या 17 विद्यार्थ्यांना एका अवघड रचनेचा छोटासा तुकडा एका बैठकीत बसवायला दिला आणि दुसऱ्या दिवशी वाजवून घेतला. कोण किती वेळ बसलं आणि तुकडा किती वेळा वाजवला, यावरून दुसऱ्या दिवशीचा दर्जा ठरला नाही. ज्यांचं वादन सर्वांत चांगलं ठरलं त्यांनी चूक नेमकी कुठे होते हे हेरलं, लय खाली आणली, आणि ती जागा सुधारेपर्यंत तिथून हलले नाहीत. चुका त्यांच्याही झाल्या होत्या.

हे प्रत्यक्षात कसं करायचं ते जरा तपशिलात सांगते. समजा एक ओळ मिनिटाला 120 ठोक्यांच्या लयीत हवी आहे आणि ती 96 च्या पुढे बिघडते. फोनवर रेकॉर्ड करा आणि अर्ध्या वेगाने ऐका. चूक ऐकू येते तिथे ती क्वचितच सुरू झालेली असते. बहुतेकदा एक-दोन स्वर आधीच बोट उशिरा उचललेलं असतं, मनगट वळलेलं असतं, किंवा गाणाऱ्याने श्वास घाईत, अर्धाच घेतलेला असतो. ती सुरुवात सापडली की आख्खी ओळ बाजूला ठेवा. फक्त तो जोड घ्या, आधीचे दोन स्वर आणि नंतरचे दोन. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) 60 वर लावा. लागोपाठ तीन वेळा स्वच्छ आलं तर 4 ने वाढवा, चुकलं तर 8 ने खाली या. दहा मिनिटं झाली की थांबा, आकडा कितीही असो. मग जोडाला आधीचा आणि नंतरचा भाग चिकटवून एकदा वाजवा, नाहीतर तो तुकडा सुटा सुटाच पक्का होतो आणि ओळीत आला की पुन्हा लंगडतो.

उद्या तोच जोड आजच्या आकड्याला येणार नाही. आज 92 पर्यंत पोचलात तर उद्या 80-84 ला अडखळाल. अनेकांचा धीर नेमका इथेच सुटतो, काल येत होतं ते आज गेलं कुठे? गेलेलं काहीच नसतं. बैठकीच्या शेवटी जे सफाईने येतं त्यात नुकत्याच केलेल्या आवर्तनांचा आधार असतो. रात्र गेल्यावर उरतं तेवढंच खरं बसलेलं. म्हणून प्रगती मोजायची ती दिवसाच्या पहिल्या प्रयत्नावरून. बाकी काहीही वाजवण्याआधी, पण हात किंवा गळा जरा मोकळा करून, ती जागा एकदाच वाजवायची आणि स्वच्छ आलेली लय लिहायची. दोन-तीन आठवड्यांचे हे आकडे एकाखाली एक पाहिले की चढ दिसतो, मधले पडलेले दिवस धरूनही. उमेदीला लागतं ते हेच, डोळ्यांना दिसणारं काहीतरी. "छान गातोस" हे कौतुक दोन दिवस पुरतं. आकडे जास्त दिवस पुरतात.

गाणाऱ्यांना लयीइतकाच सूर मोजावा लागतो. तंबोरा किंवा दुसरा कुठलाही आधारस्वर हेडफोनमध्ये ठेवून एक लांब स्वर लावा आणि फक्त आवाज रेकॉर्ड करा. ऐकायचं मात्र दुसऱ्या दिवशी, तोच आधारस्वर लावून. गाताना आपला आवाज हाडांतूनही कानापर्यंत येतो, त्यामुळे त्या क्षणी कानावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. स्वर किती सेकंद स्थिर राहिला आणि कुठे उतरला ते लिहा. शेवटी उतरत असेल तर बहुधा श्वासाचा दाब कमी पडतोय. मध्येच हलत असेल तर जिभेची किंवा जबड्याची ठेवण बदलतेय का ते आरशात पाहा.

आणखी एक गोष्ट, जी करताना चुकीची वाटते. तीन जागा बसवायच्या असतील तर प्रत्येकीला सलग पंधरा मिनिटं देण्याऐवजी पाच-पाच मिनिटांनी आलटून पालटून घ्या. त्या बैठकीत वादन ओबडधोबड वाटेल, दुसऱ्या दिवशी मात्र जास्त टिकलेलं सापडेल, कारण प्रत्येक फेरीत ती जागा नव्याने आठवावी लागते. अगदी कोरी, कधीच न वाजवलेली गोष्ट असेल तर आधी सलग वेळ द्यावा, मग फेरीत घालावी.

वहीत रोज चारच गोष्टी पुरतात: तारीख, काय घेतलं, पहिल्या प्रयत्नाचा आकडा, आणि उद्या कुठून सुरुवात. शेवटची नोंद चुकवू नका. रियाज टळतो तो बसण्याआधीच्या "आज काय घ्यावं" या घोळात. जागा, लय, पान आधीच ठरलेलं असलं की मनःस्थितीला विचारावं लागत नाही. अगदी वाईट दिवसासाठी दहा मिनिटांचा रियाज ठरवून ठेवा, आणि तो झाल्यावर उठायची स्वतःला खरोखर मोकळीक द्या. मोकळीक खोटी असेल तर पुढच्या वेळी मन त्या दहा मिनिटांनाही तयार होत नाही.

तासांबद्दल फार गैरसमज आहेत. बर्लिनच्या व्हायोलिन विद्यार्थ्यांवरचा 1993 सालचा अभ्यास "पारंगत व्हायला दहा हजार तास लागतात" या समजुतीसाठी प्रसिद्ध झाला, पण तो आकडा तिथल्या सर्वांत चांगल्या गटाची वयाच्या विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी होता. सरासरी, म्हणजे त्या गटातलेही काही जण तिच्या खालीच होते. मला त्यातली दुसरी माहिती जास्त मोलाची वाटते: ही मुलं एकट्याने रोज सुमारे साडेतीन तास रियाज करत, तोही तास-दीड तासाच्या बैठकांत, मध्ये विश्रांती घेऊन, आणि दुपारी झोपतही. सलग सहा तास बसता येत नाही म्हणून स्वतःला आळशी म्हणवून घेऊ नका.

आता उत्तर न येण्याबद्दल. ध्वनिमुद्रण पाठवलं, निवडचाचणी दिली, कार्यक्रमासाठी विचारणा केली, आणि पुढे शांतता. यात सर्वांत घातक सवय म्हणजे महिन्यातून एकदा जोर करून वीस ठिकाणी पाठवायचं आणि मग महिनाभर त्यावर जीव टांगून ठेवायचा. त्यापेक्षा आठवड्याला दोन, पण नेमाने. पत्र चार ओळींचं, दुवा एकच, आणि मुद्रणातला सर्वांत चांगला भाग पहिल्या मिनिटात; सुरुवातीचा आलाप कितीही सुंदर असला तरी निवडणारा तो संपेपर्यंत थांबेलच असं नाही. दोन आठवड्यांनी एकच आठवण करायची, मग ती नोंद बंद. महिन्याअखेरी मोजायचं ते किती पाठवलं, किती होकार आले ते नव्हे. होकार तुमच्या हातात नाही, पाठवणं आहे.

ऐकणाऱ्यांचे आकडे रोज पाहणंही सोडा, महिन्यातला एक दिवस ठरवा. त्याऐवजी नियम माहीत करून घ्या. स्पॉटिफायवर 2024 पासून मागच्या बारा महिन्यांत किमान 1000 वेळा ऐकलं गेलेलं गाणंच मानधनासाठी धरतात. तिथल्या संपादकांनी निवडलेल्या गाण्यांच्या याद्यांसाठी गाणं सुचवायचं तर ते प्रकाशनाआधीच, शक्यतो किमान सात दिवस आधी, सुचवावं लागतं. म्हणजे गाणं तिथे पोचवणाऱ्या वितरकाकडे ते तीन-चार आठवडे आधीच गेलेलं बरं. ऐन दिवशी घाईने चढवलेलं चांगलं गाणं या संधीला मुकतं आणि निर्माता समजतो की गाणंच पडलं.

मंचावर घाबरून बिघडतं म्हणून खचणारेही पुष्कळ आहेत. त्यांनी रियाज वाढवून फारसा फरक पडत नाही, कारण घाबरलेल्या अवस्थेत वाजवण्याचा सराव झालेलाच नसतो. कार्यक्रमाच्या तीन आठवडे आधीपासून तालमीचे कार्यक्रम करा. कार्यक्रमाचेच कपडे, एकदाच, न थांबता, रेकॉर्डिंग चालू ठेवून. आधी एका माणसासमोर, मग तिघांसमोर, मग दहा जणांसमोर. कुणी मिळालं नाही तर दोन मजले जिना भरभर चढून या आणि धाप लागलेली असतानाच पहिली ओळ सुरू करा. छाती धडधडत असताना हात कसे वागतात ते आधीच कळलेलं असतं.

पैशाचं थोडक्यात. दुसरी नोकरी धरली म्हणजे संगीत सोडलं असं नाही. फक्त रियाजाचा तास नोकरीच्या आधी ठेवा, नंतरचा उरत नाही. सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय शिकवण्या किंवा नोकरी सोडू नका. भाडं थकलेलं असताना माणूस मिळेल ते काम, मिळेल त्या दरात घेतो आणि गाण्यालाच कंटाळतो. प्रत्येक कार्यक्रमाचं लेखी ठेवा: तारीख, वेळ, मानधन, प्रवास, ध्वनिव्यवस्था कुणाची, रद्द झाला तर किती देणार. आणि रचनेचा हक्क वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा, हे विसरू नका. एकत्र चाल बांधली तर कुणाचा किती टक्के वाटा ते त्याच दिवशी लिहून सह्या करा. गाणं गाजल्यावर हे बोलणं फार जड जातं, आणि त्यात मैत्रीही जाते.

शरीराच्या बाबतीत मी कुठलीही तडजोड सांगणार नाही. दर पंचवीस-तीस मिनिटांनी पाच मिनिटं उठा. स्नायू थकणं वेगळं. टोचणारं दुखणं, मुंग्या, बधिरपणा, रात्री जाग आणणारी कळ यांत वाजवणं बंद आणि डॉक्टर. आवाज दोन-तीन आठवडे बसलेला राहिला तर घसा दुर्बिणीने तपासून घ्या. कानांसाठी अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेची मर्यादा लक्षात ठेवा: 85 डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 94 ला एक तास, 100 ला फक्त पंधरा मिनिटं. ढोल-ड्रम असलेल्या तालमीच्या खोलीत 100 सहज गाठलं जातं, तेव्हा कानात घालायचे संगीतकारांचे प्लग घ्या. पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची बोटं 1960 च्या दशकात आखडू लागली, तो डिस्टोनिया, म्हणजे स्नायू आपोआप आखडण्याचा विकार होता. त्यानंतर तीसएक वर्षं ते डाव्या हातासाठीच्या रचना वाजवत राहिले, शिकवत राहिले, वाद्यवृंदाचं संचालन करत राहिले, आणि नव्वदच्या दशकात दोन्ही हातांनी वाजवण्याकडे परतले. तशी वेळ येण्याआधीच हाताचं ऐकावं, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे. आणि संगीताबरोबर जेवण, झोप, माणसं या सगळ्यातूनच मन उडालं असेल, तेही दोन आठवड्यांहून जास्त, तर तो प्रश्न रियाजाचा राहिलेला नाही. मनाच्या डॉक्टरांकडे जा, उशीर करू नका.

शेवटी, "सोडून द्यावं का?" हेही विचारलं जातं, आणि ते विचारण्यात गैर काही नाही. फक्त बिघडलेल्या कार्यक्रमानंतर किंवा नकारानंतर आठवडाभर हा निर्णय घेऊ नका. आधी आठ आठवडे वर सांगितल्यासारखा रियाज करून पाहा. मग वही, पाठवलेल्या कामांची यादी आणि जमाखर्च घेऊन तुमचं काम ओळखणाऱ्या एका जाणत्या माणसासमोर बसा, आणि नेमकं काय सोडायचंय ते आधी ठरवा: मंच, प्रवास, एखादा गट, एखादा गायनप्रकार, की संगीतच. मंच नकोसा झालेले अनेक जण पुढे शिकवण्यात, संयोजनात किंवा ध्वनिमुद्रणाच्या कामात रमतात, आणि त्यासाठी आधी मंच एकट्यालाच वेगळा काढून पाहावा लागतो.