ट्राउट गरवायला जाताय? आधी महिना, मग नदी

मुंबईहून ट्राउट गरवायला निघताना माझी पहिली चूक झाली ती महिन्याची. हा थंड पाण्यातला मासा, महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत मिळत नाही, म्हणून हिमाचल गाठायचं. तिथे १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर विणीमुळे ट्राउटची मासेमारी बंद असते. मे-जूनमध्ये दुपारनंतर वितळलेल्या बर्फाचं पाणी येऊन नदी फुगते आणि जुलै-ऑगस्टात ती गढूळ वाहते. उरतात मार्च-एप्रिल आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर कॅलेंडर नीट बघा, बऱ्याच वर्षी दिवाळी नोव्हेंबरात येते.

पहिल्या खेपेला तीर्थन नदीच. चंदीगडहून मनालीच्या बसने औटला उतरायचं, तिथून बंजार, पुढे नागिनी आणि गुशैणी. दुसरी पसंती बरोटची उहल नदी. सांगल्याची बास्पा देखणी आहे, पण लांब आणि फार गार. मत्स्य विभागाचा परवाना काढल्याशिवाय पाण्यात उतरू नका. किती मासे आणि किती लांबीचे ठेवता येतात, ते परवाना घेतानाच विचारून घ्या.

मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडवरचा जाड रॉड घरीच ठेवा. त्यावर हलका स्पिनर, म्हणजे फिरत्या पात्याचं खोटं आमिष, लांब जातच नाही. साडेसहा-सात फुटी हलका रॉड, छोटं रीळ, ६ ते ८ पौंडी दोरी आणि ३ ते ५ ग्रॅमचे स्पिनर पुरतात. स्पिनरच्या आधी स्विव्हल, म्हणजे गरगर फिरणारी छोटी कडी, हवाच. नाहीतर पातं फिरताना दोरीलाही पीळ बसतो आणि तासाभरात रिळावर गुंता होतो. विमानात गऱ्या केबिन बॅगेत नकोत. रॉडला दोन्ही बाजूंनी झाकण लावलेला पीव्हीसी पाइप उत्तम.

ट्राउट तोंड प्रवाहाकडे करून मोठ्या धोंड्यामागच्या संथ पाण्यात थांबतो. म्हणून खालच्या अंगाला उभं राहून वर फेकायचं आणि प्रवाहापेक्षा किंचित वेगाने दोरी गुंडाळायची. ऑक्टोबरात पाण्यावर ऊन आल्याशिवाय तो फारसा हलत नाही, तेव्हा पहाटे उगाच गारठू नका.

मासा इजा न होता सोडता यावा म्हणून गरीचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून टाका. ब्राउन ट्राउटच्या अंगावर फिक्या कड्यातले लाल ठिपके दिसतात. त्या अंगावरचा बुळबुळीत थर कोरड्या हाताने निघतो, म्हणून आधी हात भिजवा. सोडताना पोटाखाली हात देऊन त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरा, आणि शेपटीचा झटका बसला की हात सैल करा.