बशीएवढं मैदान आणि पाच उपांत्यपूर्व फेऱ्या

सुगी आटोपली की बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात भाताच्या मोकळ्या शेतात चुन्यानं मैदान आखायचे. चंदगड-गडहिंग्लजकडचे संघ गाड्या भरभरून यायचे, लाइटीखाली पहाटेपर्यंत व्हॉलीबॉल चालायचं. दादाचा संघ सलग तीन वर्षं सेमीफायनलला हरला. चौथ्या वर्षी वर्गणीच जमली नाही आणि खांब उपटले गेले.

मी आता पोलंडमध्ये, कातोवित्से शहरात राहतो. इथल्या मोठ्या हॉलचं नाव स्पोडेक, म्हणजे बशी. दिसतोही पालथ्या बशीसारखाच. २०१४ मध्ये इथंच पोलंडनं ब्राझीलला ३-१ हरवून विश्वविजेतेपद घेतलं. त्या स्पर्धेचा पहिला सामना तर वॉर्सातल्या फुटबॉलच्या स्टेडियमवर झाला होता, साठ हजारांहून जास्त प्रेक्षकांसमोर. व्हॉलीबॉलला!

शेजारी एक आजोबा राहतात, कोळसा खाणीतून निवृत्त झालेले. घरात सिलेशियन बोली, कचेरीत पोलिश. आम्हा बेळगावकरांना यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. त्यांच्याकडून १९७६ चं मॉन्ट्रियल मी कितीदा ऐकलंय. ऑलिंपिकची फायनल, समोर सोव्हिएत संघ, चौथा सेट १९-१७ असा खेचून काढला आणि पाचवा सहज घेतला. प्रशिक्षक हुबर्ट वाग्नेर. त्या संघातला तोमाश वुइतोविच मागच्या ओळीतून उडी घेऊन स्मॅश मारायचा, आणि या चालीचं श्रेय त्यालाच देतात. आजोबा जेवणाच्या टेबलावर चमच्यानं नेटपासून तीन मीटरवर असते ती रेघ ओढतात, दोन बोटं रेघेच्या मागं उभी करतात आणि तिथून हवेत उडवतात. रेघेवर पाय पडता कामा नये, उतरताना पुढं आलं तरी चालतं. दादानं मला हे शेतात असंच शिकवलं होतं, फक्त चमच्याऐवजी काठी.

पण माझ्या मनात घर केलंय ते जिंकलेल्या सामन्यांनी नव्हे. २००४ अथेन्स, २००८ बीजिंग, २०१२ लंडन, २०१६ रिओ आणि २०२१ ला झालेलं टोकियो: पाच ऑलिंपिक, पाचही वेळा पोलंडचा उपांत्यपूर्व फेरीत पराभव. टोकियोला गेले तेव्हा तर २०१४ आणि २०१८ असे लागोपाठचे दोन विश्वचषक गाठीशी होते, तरी फ्रान्सनं पाच सेटमध्ये घरी पाठवलं. एवढं होऊनही हॉल ओस पडले नाहीत. लोक पांढरे-लाल मफलर गुंडाळून येतच राहिले, राष्ट्रगीत घसा फाटेस्तोवर म्हणत राहिले.

२०२४ ला पॅरिसमध्ये स्लोव्हेनियाला हरवलं आणि ती साडेसाती संपली. सेमीफायनलला अमेरिकेसमोर १-२ असे मागं होते. आजोबांनी माझं मनगट धरलं ते पाचवा सेट जिंकेपर्यंत सोडलं नाही. फायनलला फ्रान्सनं ३-० असं हरवलं. रुपेरी पदक. मी गप्प बसलो होतो. आजोबांनी मफलरची नीट घडी घातली आणि पुढच्या मोसमाच्या तिकिटांचा विषय काढला.

दुसऱ्याच दिवशी मी दादाला फोन लावला. दिवाळीला येताना नेट आणतोय. खांब शोध, आणि दोन्हींवर २.४३ मीटरला खूण करून ठेव. पहिल्या वर्षीची वर्गणी माझी.