सक्तीचं बटण सगळ्यात शेवटी

संस्थेच्या ईमेलला, फाइलींना आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरला एमएफए, म्हणजे पासवर्डनंतर ओळख पटवण्याचा दुसरा टप्पा, लावायचं ठरलं की सगळ्यांचं लक्ष अ‍ॅडमिन पॅनलमधल्या सक्तीच्या बटणाकडे जातं. ते दाबायला एक मिनिट पुरतं. खरं काम त्याआधीचं: फोन हरवलेला कर्मचारी आत कसा येणार, आणि त्याच वाटेने चोर कसा येणार नाही, हे ठरवणं.

आधी खात्यांची यादी काढा आणि न वापरली जाणारी खाती बंद करा. ज्याने अजून दुसरा टप्पा नोंदवलेला नाही, त्याचा पासवर्ड चोराला मिळाला तर चोर स्वतःचाच फोन त्या खात्याला जोडून टाकतो. मग एमएफए त्याच्याच बाजूने उभं राहतं. सोडून गेलेल्या माणसाचं उघडं खातं म्हणूनच सर्वांत धोक्याचं.

त्यानंतर अ‍ॅडमिन. किमान दोघं असावेत आणि प्रत्येकाकडे दोन सिक्युरिटी की (लॉगिनसाठी संगणकाला किंवा फोनला जोडायची छोटी किल्ली) असाव्यात: एक रोजची, दुसरी कुलपात. शिवाय एक-दोन आणीबाणीची खाती ठेवा, त्यांनाही सिक्युरिटी की लावा. ती रोजच्या कामाला वापरायची नाहीत. कोणी त्यातून लॉगिन केलं तर बाकीच्या अ‍ॅडमिनना लगेच इशारा जायला हवा.

पद्धत निवडताना सगळ्यांना एकच माप लावू नका. एसएमएसचा ओटीपी काहीच नसण्यापेक्षा बरा, पण नंबर दुसऱ्या सिमवर वळवून घेतला की तो चोराच्या हातात पडतो. ऑथेंटिकेटर अ‍ॅप बहुतेक ठिकाणी दर ३० सेकंदांनी सहा अंकी कोड बनवतं, तेही फोनमध्येच आणि नेटशिवाय. कोड सारखा चुकत असेल तर आधी फोनचं घड्याळ बघा. बऱ्याचदा वेळ आपोआप जुळवण्याचं सेटिंग बंद असतं. नोंदणीच्या क्यूआर कोडमध्ये हे कोड बनवणारं मूळ गुपित असतं, त्यामुळे त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकणं म्हणजे किल्लीचे साचे वाटणं. हे हमखास घडतं ते अनेकांनी मिळून वापरायच्या सामायिक मेल खात्यांवर. तिथे प्रत्येकाला स्वतःच्या लॉगिनमधून त्या मेलबॉक्सचा अधिकार द्या.

अ‍ॅपचा कोडही खोट्या लॉगिन पानावर टाकला जातो आणि ते पान तो तत्क्षणी खऱ्या साइटकडे पाठवतं. पासकी (फोनमध्ये किंवा संगणकात साठवलेली, पासवर्डऐवजी वापरायची डिजिटल किल्ली) आणि सिक्युरिटी की साइटच्या पत्त्याशी बांधलेल्या असतात. पत्ता वेगळा असला तर त्या उत्तरच देत नाहीत. म्हणून अ‍ॅडमिन आणि पैसे हाताळणाऱ्यांना याच द्याव्यात, असं माझं ठाम मत आहे. फोनवर नुसतं 'मंजूर' दाबायची पद्धत असेल तर पडद्यावरचा अंक फोनमध्ये भरायला लावा. रात्री चोराच्या एकामागून एक विनंत्या आल्या की वैतागून मंजूर करणारे असतातच. मायक्रोसॉफ्टने आपल्या ऑथेंटिकेटरमध्ये हे अंक जुळवणं मे २०२३ पासून सक्तीचं केलं.

मागचं दारही तपासा. मेल आणण्या-पाठवण्याच्या जुन्या आयमॅप, पॉप आणि एसएमटीपी जोडण्या अजून चालू असतील तर त्या नुसत्या पासवर्डवर चालू शकतात, अ‍ॅप पासवर्डही (जुन्या प्रोग्रामसाठी काढलेला वेगळा पासवर्ड) दुसरा टप्पा ओलांडतो. ते बंद केले की स्कॅन करून मेल पाठवणारं मशीन अचानक गप्प होतं. अशी यंत्रं आधीच हुडकून ठेवा.

आता सक्ती. मायक्रोसॉफ्ट एन्ट्रात (मायक्रोसॉफ्टची लॉगिन सांभाळणारी सेवा) सक्तीचं धोरण आधी फक्त अहवाल देणाऱ्या मोडवर चालवून कोण अडेल ते पाहा. मग आयटी, हिशेब, बाकीचे, अशा गटांनी पुढे जा. प्रत्येक गटाला दोन आठवडे पुरतात. गूगल वर्कस्पेसमध्ये नव्या माणसासाठी नोंदणीची मुदत ठेवायला विसरू नका, नाहीतर तो पहिल्याच दिवशी बाहेर राहतो. बॅकअप कोड नोंदणीच्या वेळीच छापून घ्यायला सांगा. गूगल एका वेळी दहा देतं आणि प्रत्येक एकदाच चालतो. फोन बदलणाऱ्याने नव्यावर लॉगिन होईपर्यंत जुना पुसू नये.

'फोन हरवला, रीसेट करा' असा कॉल आला तर तिथेच रीसेट करू नका. नोंदीतल्या नंबरवर उलटा फोन करा, शिवाय त्याच्या वरिष्ठाकडून खात्री करून घ्या. रीसेटनंतर जुनी साधनं काढा आणि चालू सेशन तोडा. कोणाला सवलत दिलीच तर नाव, कारण आणि संपण्याची तारीख लिहून ठेवा. तारीख उलटली की सवलत काढायची, मग ती संचालकांची का असेना.